गुहागरवालीनं बघितलेलं स्वॉनेज

आधी खोलीचं सांगून टाकते, म्हणजे बाकीचं मोकळ्या मनानं चांगलं लिहिता येईल.

स्वॉनेज या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावात आम्ही आगाऊ पैसे भरून 'समुद्र दिसणारी खोली' घेतली होती. जागेचं नाव लिहीत नाही. खोलीत गेलो तर समोर शेजाऱ्याचं छप्पर आणि त्यावर एक लठ्ठ सीगल. समुद्र कुठाय म्हणून शोधाशोध केली, तेव्हा तो न्हाणीघराच्या खिडकीत सापडला. तोही कमोडच्या झाकणावर उभं राहिलं तर, दोन धुरांड्यांच्या मधून, निळ्या चिंधीएवढा. मी खाली जाऊन भांडणारच होते, पण आमचे हे म्हणाले, "दिसतो ना? मग खोटं काय लिहिलंय त्यांनी?"

यावर मला गप्प बसावं लागलं. गुहागरला आमच्या सहा खोल्या आहेत, जेवणासकट. फाट्यावरच्या आमच्या पाटीवर 'समुद्र २ मिनिटांवर' असं लिहिलंय. ती दोन मिनिटं माझ्या पुतण्याच्या मोटारसायकलची आहेत हे पाहुण्यांना आल्यावर कळतं. तर त्या खोलीचा अर्धा तारा कापते आणि पुढे जाते. गावाला मात्र पैकीच्या पैकी.

लेक साउदॅम्प्टनला असते. तिच्याकडे तीन महिने राहायला गेलो होतो, त्यातले जूनच्या पहिल्या आठवड्यातले पाच दिवस स्वॉनेजला काढले. हे सहासष्ट वर्षांचे, उजवा गुडघा दुखरा. मी अठ्ठावन्न, गुडघे ठीक, तोंड त्याहून ठीक. लेक म्हणाली होती, "आई, बोर्नमथला राहा, तिथं सगळं आहे." पण सगळं असलेल्या गावात सगळेच येतात. स्वॉनेज डॉर्सेट परगण्यात, परबेक नावाच्या भागाच्या टोकाला आहे. तिथून पुढे रस्ताच नाही, समुद्र आहे. मला अशी टोकाची गावं आवडतात. आमचंही तसंच आहे.

गाडीनं जाऊ नका. बोर्नमथपर्यंत रेल्वेनं जा आणि तिथून ५० नंबरची बस धरा. दुमजली असते, दिवस चांगले असतील तर वरून उघडी. सँडबँक्सला पोचलात की रस्ता संपतो आणि बस सरळ फेरीबोटीवर चढते. आपल्या धोपावे-दाभोळ जंगलजेटीसारखीच, फक्त ही स्वतःच्या जोरावर पोहत नाही. खाडीच्या तळाला दोन साखळदंड टाकलेत, त्यांना धरून ती स्वतःला ओढत पलीकडे जाते. १९२६ पासून इथं अशी साखळीची बोट आहे. चार-पाच मिनिटांत पलीकडे. मी वरून वाकून बघत होते. पाण्यातून साखळी वर येते, शेवाळ गळत असतं, आणि खडखड करत बोटीत शिरते. दाभोळला नारळपाणीवाला तरी असतो, इथं कुणी काही विकत नाही. पण ह्यांनी जो आनंद चेहऱ्यावर दाखवला तो धोपाव्याला तीस वर्षांत कधी दाखवला नव्हता.

गाव छोटं. पूर्वेकडे तोंड असलेली अर्धगोल खाडी, दोन्ही बाजूंना डोंगराची टोकं, त्यामुळे वारा अडतो. पुळण बारीक, फिकट पिवळी, आणि लाटा वाळू पळवून नेऊ नयेत म्हणून मध्ये मध्ये पाण्यात गेलेल्या लाकडी ओळी. आमची पुळण याच्या कितीतरी पट लांब आहे, हे मी पहिल्याच संध्याकाळी तीनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "हो, आणि त्यातली साफ किती?" पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले. थंडी अशी की पायांची बोटं आपली आहेत की शेजारणीची ते कळेना. त्याच पाण्यात तिथली पोरं तासन् तास डुंबत होती.

मला खरं गुंतवलं ते गावातल्या जुन्या सामानानं. हे समजायला चिरेखाणीवाल्या गावचं असावं लागतं. आपल्याकडे जसा जांभा, तसा इथं परबेकचा राखाडी दगड. घरं त्याची, कुंपणं त्याची, इतकंच काय जुन्या घरांवर कौलांच्या जागी दगडाच्याच फरश्या. एकेक छप्पर किती वजन पेलत असेल! हा दगड शतकानुशतकं लंडनला जायचा. आधी बैलगाड्या-घोडागाड्यांसारख्या उंच चाकांच्या गाड्या पाण्यात घालायच्या, तिथून होड्यांत, होड्यांतून मोठ्या गलबतांत. इथल्याच खाणीत काम केलेला जॉन मोलेम नावाचा पोरगा लंडनला गेला आणि तिथला बडा कंत्राटदार झाला. पुढे त्याचा भाचा जॉर्ज बर्ट यानं धंदा वाढवला. लंडनचे रस्ते, इमारती यांची कामं घ्यायची म्हटल्यावर जुनं पाडून टाकलेलं सामान यांच्याच अंगणात येऊन पडायचं. दगड पोचवून परतणाऱ्या गलबतांना तळाला वजन लागतंच. मग काय, लंडननं टाकून दिलेलं सगळं स्वॉनेजला. आपल्याकडे मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला येताना साहेबाच्या घरातलं जुनं कपाट घेऊन येतो, तसं.

म्हणून नगर परिषदेच्या इमारतीचा दर्शनी भाग मुळात लंडनच्या मर्सर्स हॉलचा आहे, सतराव्या शतकातला. फळं, पानं, देवदूत असं कोरीव काम, आणि दोन्हीकडे साधी दुकानं. लग्नातला शालू नेसून बाई बाजारात उभी राहावी तसं दिसतं ते. धक्क्याच्या पलीकडे पाण्याला लागून एक नक्षीदार मनोरा आहे. त्याला म्हणतात घड्याळाचा मनोरा. घड्याळ नाही. हा पूर्वी लंडन ब्रिजच्या टोकाला होता, १८५४ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ उभारलेला. पण रहदारीला अडथळा व्हायला लागला म्हणून तो काढला आणि इकडे आणला. वेलिंग्टन म्हणजे कोण, तर आपल्या जालन्याकडच्या आसईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा वेलस्ली. ह्यांना इतिहासाची आवड, त्यामुळे ते मनोऱ्यापुढे पाच मिनिटं कंबरेवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "बरं झालं. ट्रॅफिकला अडथळा!"

गंमत पुढेच आहे. नगर परिषदेच्या मागे एक दगडी खोपटं आहे, जुनी कोठडी, दारुड्यांना आणि दंगेखोरांना रात्रभर डांबायची. दारावर कोरलंय की दुष्टपणा आणि दुर्वर्तन रोखण्यासाठी धर्माच्या आणि सुव्यवस्थेच्या मित्रांनी ही बांधली, सन १८०३. म्हणजे तिकडे आसईत तोफा चालल्या त्या साली इकडे दारुड्यांची सोय चालली होती. आत डोकावलं तर काळोख आणि गारवा. आमच्याकडे शिमग्याला अशी एक उपयोगी पडली असती.

समुद्राकाठी आणखी एक खांब आहे, तो मोलेमनं १८६२ साली उभारला. ८७७ साली आल्फ्रेड राजानं इथं डेन लोकांचं आरमार हरवलं म्हणे, त्याची आठवण. खांबाच्या डोक्यावर तोफेचे गोळे बसवलेत, क्रिमियाच्या युद्धातले. आल्फ्रेडच्या काळात तोफा नव्हत्या हे मोलेमला कुणी सांगितलं नसावं, किंवा गोळे आयते मिळाले म्हणून लावून टाकले असतील. मला दुसरं जास्त पटतं. मीही उरलेल्या फरश्या अशाच कुठेही लावते.

या बर्टचं सगळ्यात मोठं वेड बघायचं तर डर्ल्स्टनला जावं. एक पूर्ण दिवस ठेवा, अर्धा पुरत नाही. गावातून मैलभर चढ आहे. ह्यांच्या गुडघ्यासाठी आम्ही चार ठिकाणी बसलो. इथं बाकांची ददात नाही. जवळजवळ प्रत्येक बाकावर कुणा गेलेल्या माणसाच्या नावाची पट्टी असते, त्याला ही जागा आवडायची, असं लिहिलेलं. आधी मला बसायला कसंसंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी बसण्याआधी नाव वाचून मनात नमस्कार करायला लागले.

वर डर्ल्स्टन कॅसल आहे. किल्ला समजून जाऊ नका, हा बर्टनं १८८७ साली येणाऱ्या-जाणाऱ्यांना खायला-प्यायला मिळावं म्हणून बांधला, म्हणजे मूळचं हॉटेलच. आमच्याच धंद्यातला माणूस निघाला. आता आत माहिती केंद्र आहे आणि चहा मिळतो. कड्यावर घरटी करणारे गिलेमॉट पक्षी कॅमेऱ्यातून आत पडद्यावर दिसतात. अरुंद खाचेत दाटीवाटीनं उभे, जसे काही पनवेलहून सुटलेल्या दिवा गाडीतले प्रवासी.

किल्ल्याखाली पायऱ्या उतरून गेलं की दगडाचा पृथ्वीगोल. फोटोत बघून काही कळत नाही. चाळीस टन वजन, तीन मीटर व्यास, पोर्टलंडच्या पांढरट दगडाचे पंधरा तुकडे ग्रिनिचला घडवून समुद्रमार्गे इथं आणून जोडलेत. भूभाग थोडे उठावदार, समुद्र खोलगट. मी त्याला अर्धी प्रदक्षिणा घातली तेव्हा भारत आला. हात वर करून पश्चिम किनाऱ्यावरून बोट फिरवलं, खाली कोचीकडून वर खंबातकडे. दगड उन्हानं कोमट झाला होता आणि बोटाला खरखरीत लागला, लाखो बोटं फिरूनसुद्धा गुळगुळीत झालेला नाही. आपलं गाव असेल तिथं मी बोट क्षणभर टेकवून ठेवलं. गोलही १८८७ चाच, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाल्याचं साल, सगळा नकाशा यांचाच होता. त्याचा राग यायला हवा होता बहुतेक. आला नाही, कारण शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी आपल्या बापाला विचारत होती की आपलं घर कुठाय, आणि बापाला सापडत नव्हतं.

पण मला गोलापेक्षा जास्त आवडला तो त्याच्या जवळचा दगड. त्यावर कोरलंय, त्याचा भावार्थ असा: ज्यांना आपलं नाव लिहिल्यावाचून राहवतच नसेल त्यांनी ते फक्त याच दगडावर लिहावं. आणि लोकांनी लिहिलंयही, एकावर एक, गच्च. गोल मात्र कोरा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसानं जाणलं होतं की 'लिहू नका' म्हटलं तर लोक लिहिणारच, त्यापेक्षा त्यांना पाटी द्यावी. रायगडापासून हरिहरपर्यंत बदामात बाण मारलेली नावं वाचून वाचून ज्यांचं डोकं फिरलंय त्यांना ही युक्ती कळेल. हे खिशातून किल्ली काढत होते. मी हात धरला. तसंही जागा उरली नव्हती.

तिथून कड्याकडेनं ॲनव्हिल पॉइंटच्या दीपगृहापर्यंत, १८८१ चं, पांढरंशुभ्र, ठेंगणं. वाटेत टिली विम नावाच्या गुहा लागतात. गुहा कसल्या, कड्याच्या पोटातल्या चिरेखाणीच त्या. तिथून लाकडी यारीनं दगड सरळ खाली होड्यांत सोडायचे. बर्टनं त्याही पर्यटकांना दाखवायला उघडल्या होत्या. दगड पडायला लागले म्हणून १९७६ पासून बंद आहेत. परतीचा चढ खडा आहे, पाठीवर पाणी ठेवा. दुखऱ्या गुडघ्यांनी दीपगृहाचा हट्ट सोडावा. आमच्या ह्यांनी सोडला नाही आणि रात्री मला आयोडेक्स चोळत बसावं लागलं.

दुसरी मोठी वाट ओल्ड हॅरी नावाच्या सुळक्याची. स्वॉनेजहून बॅलार्ड डाउन नावाची टेकडी चढूनही जाता येतं, पण आम्ही बसनं शेजारच्या स्टडलंड गावी उतरलो आणि तिथून गेलो. तासभरही लागत नाही, वाट जवळजवळ सपाट, लहान मुलांच्या गाड्या ढकलत लोक येत होते. टोकाला समुद्रात उभे पांढरे सुळके. जुरासिक कोस्ट म्हणून ९५ मैलांचा जो किनारा २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्याचं हे पूर्वेकडचं टोक. ओल्ड हॅरी हे सैतानाचं नाव, असं काही म्हणतात, काही म्हणतात जवळच्या पूल नावाच्या बंदरातल्या एका चाच्याचं. शेजारी त्याची बायको होती, तो सुळका १८९६ साली कोसळला, बुंधा तेवढा पाण्यात दिसतो. हे म्हणाले, "बघ, बायको आधी पडली." मी म्हटलं, "कंटाळली असेल."

हा सगळा कडा खडूचा आहे. आपल्या शाळेतल्या फळ्यावरचा तो खडू, खराखुरा. वाटेत पडलेला एक तुकडा उचलला तर बोटं पांढरी झाली, रांगोळी घातल्यासारखी. एका काळ्या गारगोटीवर मी 'श्री' काढून बघितला, स्वच्छ उमटला. मग तो ओढणीनं पुसला आणि दगड होता तिथं ठेवला. कड्याच्या पांढऱ्या भिंतीत याच काळ्या गारगोट्यांच्या ओळी आडव्या गेल्यात, वहीच्या रेघांसारख्या. हवा स्वच्छ असेल तर समोर आइल ऑफ वाइट बेटाचे नीडल्स नावाचे सुळके दिसतात, तेही याच खडूचे. पूर्वी ही एकच डोंगरधार होती, मधली समुद्रानं खाल्ली.

एक सांगते, तिथं कड्याला कठडा नाही. गवत आहे, गवत संपलं की हवा आहे. आणि खडू कडेनं पोकळ होतो. फोटोसाठी पाठमोरं मागे सरकणाऱ्या एका जोडप्याला मी मराठीतच ओरडले. त्यांना कळलं.

स्टडलंडच्या लांब पुळणीवर एका ठिकाणी पाटी आहे की यापुढे विवस्त्र लोक दिसू शकतील. ह्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि मग म्हणाले, "चला, चहाची वेळ झाली." त्याच गावात कड्यावर फोर्ट हेन्री नावाचं काँक्रीटचं लांबलचक खंदक-घर आहे. एप्रिल १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईची रंगीत तालीम इथं खऱ्या दारूगोळ्यानिशी झाली, आणि राजा आणि चर्चिल या फटीतून बघत होते. त्या सरावात पाण्यातून येणारे रणगाडे बुडाले आणि आतले सैनिक गेले. फटीतून आता पुळणीवर वाळूचे किल्ले करणारी पोरं दिसतात.

कॉर्फ कॅसलला वाफेच्या गाडीनं जावं. हा फाटा १९७२ साली बंद करून रूळसुद्धा उखडून नेले होते. लोकांनी वर्षानुवर्षं खपून ते परत घातले. आजही बरीचशी माणसं बिनपगारी काम करतात. आमचं तिकीट बघायला आलेले गृहस्थ माझ्या सासऱ्यांच्या वयाचे वाटले, कोटाची बटणं झळाळत होती. खिडकीतून डोकं काढू नका. मी काढलं, डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि निम्मा प्रवास एका डोळ्यानं बघितला.

कॉर्फचा किल्ला मात्र खरा किल्ला. इंग्लंडच्या यादवीत मेरी बँक्स या बाईनं तो लढवला, शेवटी आतल्याच माणसाच्या फितुरीनं पडला आणि १६४६ मध्ये पार्लमेंटनं सुरुंग लावून उडवला. एक बुरूज आहे तसा अख्खा घसरून तिरका उभा आहे. आपण शाळेत शिकलो की शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला तो याच सुमाराला. तिकडे एक स्वराज्य बांधायला गड घेतला जात होता, इकडे राजाचा गड फोडला जात होता. पुढे १८१८ नंतर हीच सुरुंगाची विद्या इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्यांवर वापरली. हे तिरक्या बुरुजाखाली म्हणाले, "घरी शिकून आले होते तर."

खाण्याचं थोडक्यात. फिश अँड चिप्समध्ये मासा उत्तम, ताजा, पाकळी पाकळी सुटणारा, पण वरचं पिठाचं कवच जाड आणि मासा मिठावाचून. निदान हळद तरी लावा रे. सोबतचा हिरव्या वाटाण्यांचा लगदा मी ह्यांना दिला. खेकड्याचं सँडविच मात्र डोळे मिटून घ्या, कुर्ली निवडायचे कष्ट कुणीतरी आधीच केलेले असतात, याचं सुख बाईमाणसालाच कळेल. उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसा. सीगल मागून येतो. ह्यांच्या हातातला मासा उचलला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

शेवटच्या दिवशी लेक-जावई आले आणि वर्थ मॅट्रॅव्हर्सच्या स्क्वेअर अँड कंपास या जुन्या गुत्त्यात घेऊन गेले. गल्ला नाही, भिंतीतल्या खिडकीतून देतात. पेस्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीण. बाजूच्या खोलीत जीवाश्म मांडलेत, बाहेर दगडाच्या लाद्यांवर बसून खायचं. तिथून पोरं डान्सिंग लेजला गेली, कड्याखालच्या खडकात सुरुंगानं खणलेली पोहायची डबकी आहे म्हणे. शेवटचा टप्पा चार पायांनी उतरायचा, म्हणून आम्ही लाद्यांवरच बसून राहिलो.

धक्क्यावर, म्हणजे पिअरवर, फिरायला थोडे पैसे पडतात, ते द्या. फळ्यांवर पितळेच्या छोट्या पट्ट्या आहेत, लोकांनी पैसे देऊन आपल्या माणसांच्या नावानं लावलेल्या. शेजारी पाण्यात आणखी जुन्या धक्क्याचे काळे खुंट उभे आहेत, दगड चढवायचा तो. संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असतो. तिथं एकेक पट्टी वाचत आम्ही दोन संध्याकाळी काढल्या.

परतीच्या बसमध्ये वर जागा मिळाली तर टोपी हातात धरा. ह्यांची फेरीबोटीवर उडाली. साखळीजवळ थोडा वेळ तरंगताना दिसत होती.